चार नंबर आणि सात नंबर : स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि नेत्रतज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ

प्रत माहितीसाठी : सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

डॉक्टर मंडळी, सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी ३१ वर्षं नेत्र चिकित्सा अधिकारी होते. पदाचं नाव भारदस्त आहे. काम म्हणजे चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्यांत गेलेला कचरा काढायचा, मोतीबिंदूचे पेशंट निवडायचे आणि शिबिराच्या गाडीत बसवून द्यायचे. मी डॉक्टर नाही आणि तुम्हाला शिकवायचा माझा वकूब नाही. पण एवढ्या वर्षांत दोन खोल्यांमधल्या व्हरांड्यात जे पाहिलं ते तुमच्या दोघांच्याही खुर्चीतून दिसत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे चार नंबरची खोली बायकांची. गरोदर मातांची तपासणी, पाळीच्या तक्रारी, मूल राहत नाही म्हणून आलेल्या, सगळ्या तिथे. सात नंबर डोळ्यांची. मध्ये इंजेक्शन रूम आणि औषधांची खिडकी. चालत गेलं तर चाळीस पावलं. ३१ वर्षांत चार नंबरमधून ‘हिचे डोळे पाहा’ असं लिहून सात नंबरला आलेले केसपेपर मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजू शकेन. सात नंबरमधून चार नंबरला किती गेले? पहिली सोळा-सतरा वर्षं एकही नाही. तो दोष माझा आहे आणि त्याची गोष्ट पुढे सांगणार आहे.

आधी डार्करूमबद्दल. रेटिनोस्कोप लावून नंबर काढायला आम्ही पेशंटला अंधाऱ्या खोलीत घेतो. बाहेर रांगेत सासू असते, नवरा असतो, गावातले चार लोक असतात. आत दोघीच. तोंड नीट दिसत नाही, त्यामुळे लाज कमी होते की काय कोण जाणे, पण त्या अंधारात बाई बोलते. ‘ताई, अंगावरून लई जातंय.’ ‘ताई, पिशवी काढल्यापासून डोळ्यात नुसती कचकच.’ सुरुवातीला मी म्हणायचे, ते चार नंबरला सांगा. ती ‘हो’ म्हणायची आणि घरी जायची, कारण चार नंबरची रांग तोवर बंद झालेली असायची आणि गावची एसटी दीडची.

आता ती गोष्ट. बरीच वर्षं झाली. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, लग्नाला तीन वर्षं, बरोबर सासू. तक्रार काय, तर डोकं दुखतं. पाटी वाचायला लावली. दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ धडाधड वाचली, सहाला सहा. नंबर नाही. सासू म्हणाली, ‘सारखा मोबाइल बघती.’ मी हसले, केसपेपरवर थेंब लिहिले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. उठून जाताना मुलीचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. सासू लगेच, ‘अशीच धांदरट आहे. परवा कळशी ठेवताना शेजारचा डबा पाडला.’ मी पुन्हा हसले.

आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा डाव्या डोळ्याने पाटीवरची वरची तीनच अक्षरं वाचत होती. यावेळी मी तिला समोर बसवलं, म्हटलं माझ्या नाकाकडे बघ, आणि दोन्ही हात बाजूला लांब धरून बोटं हलवत आत आणत गेले. बोटं जवळजवळ माझ्या कानापाशी आली तेव्हा कुठे ती म्हणाली, ‘हां, आता दिसलं.’ दोन्ही बाजूंना तेच. घोड्याला ढापणं लावावीत तशी तिची नजर झाली होती. तेव्हा पहिल्यांदा मला विचारायचं सुचलं : पाळी कशी आहे? ‘दीड वर्ष झालं, गोळी घेतली की येती, नाहीतर नाही.’ आणि मग डार्करूममध्ये, अगदी हळू आवाजात : ‘ताई, पोटाला काही नाही, तरी छातीतून दूध येतं.’

तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही हे वाक्य संपायच्या आत ओळखलं असेल. बाकी वाचकांसाठी सांगते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. पाळीचा कारभार तिच्या हुकुमाने चालतो. तिच्या नेमकं वर दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना भेटतात. ग्रंथीत गाठ झाली आणि प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढलं की पाळी थांबते, दूध येतं, दिवस राहत नाहीत. गाठ मोठी होऊन वर ढकलू लागली की त्या नसांचा मधला भाग दाबला जातो आणि दोन्ही बाजूंची, कानाकडची नजर जाते. समोरचं शाबूत राहतं. म्हणून पाटी वाचून काहीच कळत नाही.

यातली एक गोष्ट मला नंतर एका सर्जन मॅडमनी सांगितली आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. पुरुषांमध्ये ही गाठ बहुतेकदा मोठी झाल्यावरच सापडते. बायकांमध्ये लहान असतानाच सापडते, कारण पाळी थांबते आणि बाई दवाखान्यात जाते. म्हणजे शरीराने वेळेवर घंटा वाजवली होती. या मुलीच्या बाबतीतही वाजवली होती, दीड वर्ष आधी. ती एका दवाखान्यात जाऊन पाळी आणायच्या गोळ्या घेत होती, मूल राहायचे उपाय करत होती. रक्तातलं प्रोलॅक्टिन कोणी पाहिलं नाही, आणि ‘बाजूचं दिसतं का?’ हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझ्यासमोर तर ती चौकटीवर आपटली होती.

जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआय झाला, गाठ निघाली. प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या अशा बहुतेक गाठी गोळ्यांनीच आकसतात, तिचीही आकसली. बाजूची नजर बरीचशी परत आली, डावा डोळा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. तिला आता एक मुलगी आहे. मला भेटली की हसते. मला हसायला जड जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे : चार नंबरने नजरेबद्दल विचारावं आणि सात नंबरने पाळीबद्दल. मशीन लागत नाही, मंजुरी लागत नाही. बोटांच्या त्या तपासणीला अर्धा मिनिट लागतो.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनो, तुमच्याकडे या प्रश्नाची सगळ्यात मोठी निकड गरोदरपणातल्या बीपीची आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण शब्दाकडे एकदा पाहा. ‘एक्लॅम्प्सिया’, म्हणजे या बीपीतून येणारे झटके, हा मूळ ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ एकाएकी चमकणं, लखकन उजळणं. आपल्याकडे बाई काय म्हणते? ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात.’ ग्रीक भाषा येत नसताना ती रोगाचं नावच सांगत असते. आणि आपण काय ऐकतो? अशक्तपणा आहे, रक्त कमी आहे, लोहाची गोळी घे.

एका बाळंतिणीसाठी मला वॉर्डात बोलावलं होतं. दुसऱ्या दवाखान्यातून झटके येत असलेल्या अवस्थेत आणली होती, मूल सुखरूप निघालं, झटके थांबले. शुद्धीवर आली आणि म्हणाली, ‘दिवा लावा की.’ दुपारचे दोन वाजले होते. मूल मांडीवर दिलं तर ती त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती, नाक कुठे, कान कुठे. मी टॉर्च मारला. दोन्ही बाहुल्या व्यवस्थित आकुंचन पावत होत्या. डोळा ठणठणीत आणि दिसत मात्र काहीच नाही. तिच्या आईचं एकच चाललं होतं, बाळंतपणात रडली म्हणून डोळे गेले. आमच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं की मेंदूचा मागचा, पाहण्याचा भाग सुजलाय, सूज उतरली की दिसेल. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला खिडकीचे गज दिसले, संध्याकाळी पोराचं तोंड.

अशा बहुतेक बायकांची नजर परत येते. काहींच्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचून तो सुटतो, तोही बाळंतपणानंतर बहुधा आपोआप बसतो. पण नजर परत येते म्हणून विषय सोडून द्यायचा नसतो. अंधुक दिसणं, एकाचे दोन दिसणं, काजवे, मध्येच काळा डाग, ही झटक्यांची आधीची सूचना असते आणि झटक्यांत बाई दगावते. त्या बाळंतिणीने आठव्या महिन्यात काजव्यांचं घरी सांगितलं होतं. तपासणीलाही सांगितलं असं ती म्हणाली. त्या दिवशी बीपी घेतलं गेलं होतं की नाही, देव जाणे. मॅग्नेशियम सल्फेट झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणतं, हे २००२ साली मोठ्या चाचणीने दाखवून दिलं. औषध आहे, सुई आहे, सिस्टर आहे. ‘काजवे’ हा शब्द कानावर पडल्यावर बीपीच्या पट्ट्याकडे हात गेला पाहिजे.

आणि त्या काजव्यांची बाई माझ्याकडे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, चष्म्याच्या दुकानातही येते. सातव्या महिन्याचं पोट घेऊन ‘नंबर बदललाय का बघा’ म्हणते. गरोदरपणात बुबुळाचा आकार थोडा बदलतो, नंबर थोडा हलतो, हे खरं. म्हणून नवा चष्मा बाळंतपणानंतर काढा असं आपण सांगतो. तेवढं सांगून तिला परत पाठवू नका. आधी बीपी घ्या. चष्म्याच्या दुकानदारालाही माझी हीच विनंती, बीपीचं मशीन आता दीड-दोन हजारात मिळतं.

जाता जाता एक गैरसमज. ‘मायनस नंबर जास्त आहे, कळा दिल्या तर पडदा फाटेल, सिझरच करा’ हे अजून ऐकू येतं, कधी नातेवाइकांकडून, कधी तुमच्यातल्याच कोणाकडून. नुसता मायनस नंबर हे सिझरचं कारण नाही. कळा देऊन डोळ्याच्या पांढऱ्यात रक्त उतरतं ते दिसायला भयंकर असतं, पण दोन आठवड्यांत जातं.

साखरेचं मात्र उलटं आहे, तिथे आपण गाफील असतो. गरोदरपणाच्या आधीपासून डायबेटिस असलेल्या बाईच्या पडद्यावरचे दोष गरोदरपणात झपाट्याने वाढू शकतात. तिचा पडदा पहिल्या तिमाहीतच, बाहुली मोठी करायचे थेंब घालून पाहायला हवा आणि नंतरही पाहत राहायला हवा. फक्त गरोदरपणापुरती साखर वाढलेल्या बाईला सहसा याची गरज नसते. हा फरक ओळखून चिठ्ठी लिहिली तर सात नंबरची रांगही वाढणार नाही. आजकाल तिशीत डायबेटिस निघतो आणि पहिलं मूलही तिशीतच होतं, म्हणून हे लिहिलं.

मी जे मागते आहे ते काही नवं नाही. तुमच्या दोघांच्याही पूर्वजांनी ते केलेलं आहे. जर्मनीत लाइपझिगला कार्ल क्रेडे नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. आईच्या योनीमार्गातला परम्याचा संसर्ग जन्मताना बाळाच्या डोळ्यांना लागतो आणि बाळं आंधळी होतात, हे पाहून त्यांनी १८८०च्या सुमाराला नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली. डोळ्यांच्या डॉक्टरची वाट पाहत बसले नाहीत. उलट बाजूने पाहा : ऑस्ट्रेलियात सिडनीचे नॉर्मन ग्रेग, नेत्रशल्यचिकित्सक. १९४१ साली त्यांनी जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची नोंद प्रसिद्ध केली. बाळांचे डोळे पाहता पाहता त्यांनी आयांना विचारलं की दिवस गेल्यावर तुम्हाला काय झालं होतं. बहुतेक जणींना सुरुवातीच्या दिवसांत रुबेला होऊन गेला होता. २०१८ सालापासून आपल्या शाळांमधून गोवर-रुबेलाची लस टोचत फिरलो, त्याच्या मुळाशी एका डोळ्यांच्या डॉक्टरने बायकांना विचारलेला हा प्रश्न आहे. ग्रेग म्हणाले असते की ते चार नंबरला सांगा, तर?

आता गोळ्या. पीसीओडीच्या मुली हल्ली प्रत्येक गल्लीत आहेत. वजन वाढतं, पाळी चुकते, तोंडावर पुरळ येतं. पाळीसाठी एक डॉक्टर, मुरमांसाठी दुसरा, आणि डोकं दुखतं म्हणून नंबर काढायला माझ्याकडे. वजन भराभर वाढलेल्या तरुण बायकांच्या डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढू शकतो. मुरमांवरच्या डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या किंवा अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं आयसोट्रेटिनॉइन, यांनीही तो वाढू शकतो. खाली वाकलं की दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधारी, कानात ठोक्याच्या तालावर घूं घूं, ही त्याची खूण. आत पाहिलं तर नजरेच्या नसेचं तोंड सुजलेलं. सहाला सहा वाचणारी मुलगी अशीच घरी पाठवली तर काही महिन्यांत नजर कायमची जाऊ शकते. म्हणून सात नंबरने विचारावं : वजन किती वाढलं, पाळी नियमित आहे का, मुरमांच्या गोळ्या चालू आहेत का.

मूल राहण्यासाठी क्लोमिफीन देता, तेव्हा ‘धूसर दिसलं, चमकलं, समोरची वस्तू गेली तरी तिची सावली डोळ्यांपुढे राहिली, तर गोळी बंद करून लगेच या’ एवढं वाक्य बाईला सांगत जा. औषधाच्या माहितीपत्रकात ते असतं, बाईच्या हातात माहितीपत्रक नसतं. डोळ्यांपुढे नागमोडी रेषा येऊन मग अर्धशिशी उठते, अशा बाईला इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन असलेली गर्भनिरोधक गोळी द्यायची नसते, मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. त्या नागमोडी रेषा ती तुम्हाला सांगत नाही, डोळ्यांचा आजार समजून मला सांगते.

आणि आपली खास गोळी, पाळी पुढे ढकलायची. गौरी बसायच्या आदल्या आठवड्यात मेडिकलमध्ये जाऊन उभं राहा, कळेल. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. सत्यनारायण, लग्न, पंढरपूर, प्रत्येकाला एक पाकीट. नोरएथिस्टेरॉनच्या त्या गोळ्या मोठ्या डोसात घेतल्या की त्यातला थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि रक्ताची गुठळी व्हायचा धोका थोडा वाढतो. बहुतेकींना काही होत नाही. एखादीच्या डोक्यातल्या शिरेत गुठळी होते. आधी न थांबणारी डोकेदुखी, मग धूसर दिसणं, नसेला सूज. बाळंतिणींमध्येही हे होतं, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. सणासुदीनंतर असं डोकं धरून आलेल्या बाईला ‘गौरीसाठी गोळी घेतली होतीस का?’ हे विचारायला नेत्रतज्ज्ञांनी लाजू नये. देव त्याने कोपत नाही. मूळ गोळीचीच गरज आहे का, हा वाद मी इथे घालत नाही, माझ्या घरातच तो संपलेला नाही.

कोरड्या डोळ्यांवर मी बरंच लिहू शकेन, कारण ३१ वर्षांतला माझा निम्मा वेळ त्यात गेला. पाळी जायच्या वयातली बाई येते, ‘डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, चुलीपुढे बसवत नाही.’ पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, अश्रू उडून जाऊ नयेत म्हणून त्या तेलाचा थर देतात. त्यांचं काम हार्मोनवर चालतं, मुख्यतः अँड्रोजेन या पुरुषी हार्मोनवर, जे बाईच्या अंगातही असतं आणि वयाबरोबर कमी होतं. म्हणून ‘हार्मोनची गोळी दिली की डोळे ओले होतील’ असं सरळ गणित नाही. २००१ साली अमेरिकेतल्या २५,६६५ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाळी गेल्यावर नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत कोरडेपणाचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ते लिहून देताना डोळ्यांचा एक प्रश्न विचारला तर बाईचे सहा महिने वाचतील.

याच कोरडेपणाखाली कधी शोग्रेनचा आजार दडलेला असतो. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन या नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली तो नीट मांडला. त्याचे दहा पेशंट असतील तर नऊ बायका. डोळे कोरडे, तोंड कोरडं, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, सांधे धरतात, आणि योनीमार्गही कोरडा. डोळ्यांचं मला सांगते, दातांचं दातवाल्याला, सांध्यांचं हाडवाल्याला. चौथं कोणालाच सांगत नाही, नवऱ्याची बोलणी खाते. त्यात ती तरुण असली आणि तिच्या रक्तात ‘अँटी-रो’ ही प्रतिपिंडं असली, तर पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येऊ शकतो. कोरड्या डोळ्यांचे थेंब लिहिणाऱ्या डॉक्टरच्या हातात त्या बाळाचाही एक धागा असतो.

आमचा भाग ऊसतोडीचा. पिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९मध्ये गाजलं, सरकारने समिती नेमली, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आकडा वाचून तुम्हीही चरकला असाल. सात नंबरच्या खोलीत तो आकडा मला कसा दिसायचा ते सांगते. पस्तिशीची बाई, डोळे लाल, पापण्यांना खरपुड्या. फडात पाचट डोळ्याला लागलेलं असतं. खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून चार दिवस तशीच मोळ्या वाहते. बुबुळावर जखम होते, त्यात बुरशी शिरते, कधी पांढरं फूल कायमचं राहतं. उसाच्या पानाने जखम पुरुषालाही होते. पण अश्रू भरपूर असले तर डोळा बराच कचरा स्वतःच धुऊन काढतो. हिचे अश्रूच आटलेले असतात.

का आटले, हे शोधायला मी विचारायचे, ‘पिशवीबरोबर बीजांडकोशपण काढले का?’ तिला माहीत नसायचं. एकीलाही नाही म्हटलं तरी चालेल. कागद? ‘कागद मुकादमाकडं असंल’, नाहीतर कोपीला, म्हणजे फडावरच्या झोपडीला, पावसाचं पाणी लागून गेला. पिशवी काढली आणि बीजांडकोश ठेवले तर हार्मोन चालू राहतात. दोन्ही काढले तर पस्तिसाव्या वर्षी एका दिवसात पाळी जाते, साठीतल्या बाईचे डोळे पस्तिशीत येतात. गोष्ट कोरडेपणावर थांबत नाही. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम अभ्यासात पंचेचाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बायकांत काचबिंदूचं प्रमाण जास्त आढळलं. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, कडेने नजर खात येतो. या तेरा हजारांवर बायकांपैकी किती जणींच्या डोळ्यांचा दाब कोणी मोजला? अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालापासून चालू आहे, मी त्याचंच मीठ खाल्लं. पण माझ्याकडून दर महिन्याला मागितला जायचा तो आकडा मोतीबिंदूचा.

स्त्रीरोगतज्ज्ञांनो, डिस्चार्ज कार्डावर ‘बीजांडकोश : ठेवले / काढले’ असं मराठीत, ठळक लिहा. आणि बाईला तोंडाने सांगा. कार्ड हरवेल, सांगितलेलं ती विसरणार नाही.

रातांधळेपणाचा उल्लेख केल्याशिवाय पत्र संपवता येत नाही. दिवस भरत आले की काही बायकांना तिन्हीसांजेनंतर दिसेनासं होतं. अंगणात ठेचकाळतात, जावेच्या हाताला धरून परसात जातात. म्हाताऱ्या सांगतात, ‘दिवस असले की होतं, बाळंत झाली की जातं.’ आणि खरंच बहुतेकींचं जातं, म्हणून कोणाला त्याचं काही वाटत नाही. हा अ जीवनसत्त्वाचा तुटवडा आहे. ज्या भागात शंभरातल्या पाच किंवा जास्त बायकांना गेल्या गरोदरपणात असं झालं असेल, तिथे हा तुटवडा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न समजावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तिन्हीसांजेला अंगणात ठेचकाळणारी एक बाई गावाच्या ताटात काय नाही ते सांगते आहे. तिला शेवग्याचा पाला, अंडं, दूध मिळतंय का ते विचारा. मोठ्या डोसाची गोळी मात्र तिने मनाने घेऊ नये, गरोदरपणात अ जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळाला व्यंग येऊ शकतं.

तसंच रक्त. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. महिन्याचे दहा-दहा दिवस अंगावरून जाणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन फारच खाली गेलं की डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके उमटतात. मी खालची पापणी ओढून पांढरीफटक पाहायचे, ‘रक्त तपासा’ लिहायचे. ‘पाळी किती दिवस जाते?’ हे लिहायला मला सतरा वर्षं लागली.

आरोग्य विभागाला दोन शब्द. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायका एकत्र येतातच. नेत्र चिकित्सा अधिकारी त्याच इमारतीत असतो. त्याची खुर्ची त्या दिवशी चार नंबरच्या दाराशी ठेवा. माता व बाल संरक्षण कार्डावर बीपीच्या रकान्याशेजारी एक ओळ छापा : काजवे, अंधुक, रातांधळेपणा, हो की नाही. आशाताईला ती ओळ वाचता येते. २०२२च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ मोहिमेत अठरा वर्षांवरच्या बायकांची तपासणी झाली, आम्ही रात्री आठपर्यंत बसलो होतो. तशी मोहीम पुन्हा निघाली तर पाळी आणि नजर एकाच कागदावर येऊ द्या.

पुरुष नेत्रतज्ज्ञांची अडचण मला कळते. रांगेसमोर पाळीचं विचारायचं कसं? मोठ्याने विचारू नका. डार्करूममध्ये विचारा, नाहीतर सिस्टरला विचारायला सांगा. मी तर शिक्का केला होता.

त्या मुलीनंतर आठवड्याभरात बाजारातल्या शिक्केवाल्याकडून १८० रुपयांत रबरी शिक्का करून घेतला. दोन ओळी : ‘पाळी’ आणि पुढे रेघ, ‘बाजूचं दिसतं?’ आणि पुढे रेघ. दहा वर्षांच्या वरच्या प्रत्येक मुली-बाईच्या केसपेपरवर मारायचे. आमचे एक साहेब म्हणाले, मॅडम, हा नमुना मंजूर नाही. म्हटलं, नाही तर नाही. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत सात नंबरमधून चार नंबरला जाणाऱ्या चिठ्ठ्या मोजायच्या मी सोडून दिल्या होत्या, इतक्या झाल्या.

शिक्का तिथेच ठेवून आले आहे. सात नंबर, टेबलाचा डावा खण, ट्रायल फ्रेमच्या पेटीमागे. शाईचं पॅड एव्हाना वाळलं असेल, ते नवं आणावं लागेल.

आपली,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी